हजेरीपटावरचं न घेतलेलं नाव

हजेरी घेताना बाराव्या नावाशी आले आणि सगळा वर्ग खाली बघायला लागला. ज्या मुलीचं नाव घेतलं ती समोरच बसली होती. आठेक वर्षांची, केसांना लाल रबर लावलेली, एरवी वर्गात सगळ्यात आधी खिदळणारी. ती काही बोलली नाही. मला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून पुन्हा जरा मोठ्यानं नाव घेतलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून बाहेर निघून गेला. वर्गात मदतीला असलेल्या तिथल्याच एक मावशी माझ्याजवळ आल्या आणि कानाशी म्हणाल्या, ‘कुमंजयी म्हण.’

दोन दिवसांपूर्वी शेजारच्या वस्तीत एक म्हातारी वारली होती. तिचं आणि या मुलीचं नाव एकच. मध्य ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी लोकांमध्ये माणूस गेला की त्याचं नाव उच्चारत नाहीत, काही महिने, कधी कित्येक वर्षं. त्या नावाचं जे कुणी हयात असतं त्याला तेवढ्या काळापुरतं कुमंजयी म्हणतात. दक्षिणेकडच्या पिचंचारा लोकांत याच कामाला कुन्मनारा हा शब्द आहे. हे सगळं त्या वर्गातल्या सहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त हजेरीपटाला आणि तो हातात धरणाऱ्या मला. मी त्या दिवशी त्या मुलीच्या नावापुढे काय खूण केली ते आता आठवत नाही, पण तिचं गप्प बसणं आठवतं. ते उद्धटपणाचं नव्हतं की अडाणीपणाचं नव्हतं. दुखवट्याच्या घरी आपण आवाज खाली आणून बोलतो, तसं ते होतं.

मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या आणि उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधल्या माणसांनी सांगितलेल्या शाळेच्या आठवणी या पुस्तकात मराठीत येत आहेत. सांगणारी काही माणसं आज पणजोबा-पणजी आहेत, काहींची शाळा सुटून दहा वर्षंही झालेली नाहीत. त्या आठवणी ऐकताना आणि मराठीत आणताना मला पुन्हा पुन्हा तो हजेरीचा तास आठवत राहिला. दोनशे वर्षं तिथली शाळा मुलांच्या गप्प बसण्याचा एकच अर्थ लावत आली, आणि ती मुलं मोठी झाल्यावर सांगत आहेत की त्या गप्पपणात काय काय होतं. मला या पुस्तकाचा गाभा तो वाटतो.

आधी दोन शब्दांविषयी सांगायला हवं. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी दप्तरात अशा वस्त्यांना ‘रिमोट’ म्हणतात, आणि त्याहून लांबच्यांना ‘व्हेरी रिमोट’. मराठीत आपण दुर्गम म्हणू. पण हा लांबपणा मोजला जातो तो शहरापासून. पापुन्या ही वस्ती ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला सुमारे २४० किलोमीटरवर आहे आणि युएंडुमू साधारण २९० किलोमीटरवर. तिथल्या माणसाला मात्र आपलं गाव कशापासूनही लांब वाटत नाही. त्याचे पाणवठे, त्याच्या पूर्वजांच्या वाटा, त्याचे मध-मुंग्यांचे माळ सगळे हाताशी असतात, लांब असतं ते सिडनी. म्हणून ‘दुर्गम’ हा शब्द मी या पुस्तकात शक्यतो टाळला आहे.

दुसरा शब्द लोकांच्या नावाचा. ‘ॲबोरिजिनल’ हा बाहेरच्यांनी दिलेला आणि पुढे त्यांनीही वापरात घेतलेला शब्द. आपापसात वार्लपिरी लोक स्वतःला यापा म्हणतात, पिचंचारा अनंगू म्हणतात, आर्नहेम लँडच्या ईशान्येचे लोक योल्ङू म्हणतात. गोऱ्या माणसाला योल्ङू भाषेत ‘बलंदा’ म्हणतात, आणि मराठी माणसाचे कान तिथं टवकारायला हवेत. इंग्रज यायच्या आधीपासून मकासरचे खलाशी समुद्रकाकड्या गोळा करायला त्या किनाऱ्यावर येत. त्यांच्या बोलीत डच माणूस म्हणजे बलंदा. हॉलंडचं नाव पोर्तुगीजांच्या तोंडून कोकणात आलं आणि आपल्या बखरींत ‘वलंदेज’ झालं, तेच नाव मलाय बेटांवरून फिरत फिरत त्या किनाऱ्यावर बलंदा होऊन उतरलं. म्हणजे हे लोक जगापासून तुटलेले होते, शाळेनं त्यांना पहिल्यांदा जग दाखवलं, ही समजूत किनाऱ्यावरच्या एका शब्दापुढेही टिकत नाही.

शाळेचा इतिहास सुरू होतो तो या दोन्ही प्रदेशांपासून फार लांब, सिडनीजवळच्या पॅरामाटाला. गव्हर्नर लॅक्लन मॅक्वॉरी यांनी १८१५ मध्ये तिथं ॲबोरिजिनल मुलांसाठी एक संस्था उघडली. एकदा दाखल केलेलं मूल ठरलेल्या वयापर्यंत आईबापांनी परत न्यायचं नाही, अशी अट होती. १८१९ च्या वार्षिक परीक्षेत वसाहतीतली गोरी मुलंही बसली होती, आणि पहिलं बक्षीस मिळालं ते या संस्थेतल्या मारिया नावाच्या धारुग मुलीला. पुढे दीडशे वर्षं ही मुलं शिकू शकतील का, असा प्रश्न विचारला जात राहिला. त्याचं उत्तर पहिल्या चार वर्षांतच मिळालं होतं. आईबापांपासून तोडलेलं मूल आणि परीक्षेतलं यश, या दोन गोष्टी त्या पहिल्याच शाळेत शेजारी शेजारी उभ्या आहेत, आणि पुढच्या सगळ्या आठवणींत त्या तशाच शेजारी सापडतात.

त्यानंतरचं शतक मिशनचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिशनऱ्यांनी खंडाच्या आतल्या आणि उत्तरेच्या भागात ठाणी वसवली. घंटा, प्रार्थना, शिधा, शाळा. पुष्कळ ठिकाणी मुलांची वेगळी वसतिगृहं होती. मुलं रात्री तिथं कुलपात झोपत आणि आईबाप पलीकडे हाकेच्या अंतरावर शेकोटीशी बसलेले असत. सगळी मिशनं मात्र एकसारखी नव्हती, आणि नव्या वाचकाची इथंच गफलत होते. १८७७ मध्ये लुथेरन पंथीयांनी हर्मन्सबर्गला ठाणं उभारलं. त्यांनी स्थानिक अरंडा भाषा शिकून घेतली, तिची लिपी बसवली, तिच्यात पुस्तकं छापली, आणि त्याच वेळी त्या लोकांच्या पवित्र विधींवर बंदीही आणली. भाषा ठेवायची आणि त्या भाषेत जे सगळ्यात मोलाचं आहे ते काढून टाकायचं, असा तो विचित्र व्यवहार होता.

एर्नाबेलाची गोष्ट निराळी. ॲडलेडचे शल्यचिकित्सक चार्ल्स डुगिड यांच्या आग्रहानं १९३७ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात हे प्रेस्बिटेरियन मिशन सुरू झालं. तिथल्या रीतिरिवाजात ढवळाढवळ करायची नाही, भाषा मोडायची नाही, मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवायचं नाही, असं ठरवून. १९४० मध्ये शाळा सुरू झाली ती पिचंचारा भाषेतून. मुलं पहिलं अक्षर स्वतःच्या भाषेतलं लिहीत. सुरुवातीच्या काळात ती घरी जशी वावरत तशीच, अंगावर कपड्यांची सक्ती नसताना, शाळेत येत. त्या पिढीतल्या माणसांच्या आठवणींत शाळा ही गाण्याची जागा म्हणून येते, कारण तिथल्या मुलांचं समूहगान लवकरच दूरवर नावाजलं गेलं. शाळेचं नाव काढल्यावर ज्यांच्या चेहऱ्यावर आधी हसू येतं अशी माणसं मला भेटली ती बहुतेक याच बाजूची. एका चांगल्या धोरणाचा परिणाम ऐंशी वर्षांनी एखाद्या म्हातारीच्या चेहऱ्यावर दिसतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

याच काळात सरकारनं दुसऱ्या बाजूला जे केलं त्याच्या आठवणी मुक्यानंच वाचाव्या लागतात. ज्या मुलांचा बाप गोरा होता त्यांना आईकडून उचलून वसाहतींत नेऊन ठेवलं जाई. पश्चिम ऑस्ट्रेलियातली मूर रिव्हर वसाहत १९१८ ची. १९३१ मध्ये तिथून तीन मुली पळाल्या. थोरली मॉली चौदा वर्षांची होती. सशांना अडवण्यासाठी राज्यभर घातलेल्या कुंपणाची कड धरून सुमारे १,६०० किलोमीटर चालत मॉली आणि तिची धाकटी बहीण जिगलाँगला आपल्या माणसांत पोचल्या. तिसरी वाटेत पकडली गेली. मॉलीची मुलगी डोरिस पिल्किंग्टन गारिमारा हिनं १९९६ मध्ये हे पुस्तकात लिहिलं. तिलाही लहानपणी त्याच वसाहतीत नेलं होतं. शाळेची आठवण म्हणजे शाळेतून पळून जाण्याची आठवण, असा एक अख्खा प्रवाह या साहित्यात आहे आणि तो बंडखोरीचा नाही, घरच्या ओढीचा आहे. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालानं अंदाज बांधला की १९१० ते १९७० या काळात दर तीन ते दहा मुलांमागे एका मुलाला असं उचलून नेलं गेलं. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत त्याबद्दल माफी मागितली.

दुसऱ्या महायुद्धानंतर नॉर्दर्न टेरिटरीत सरकारी वस्त्या वाढल्या. १९४६ मध्ये युएंडुमू वसलं. वाळवंटात पसरलेल्या कुटुंबांना एका जागी आणून शिधा, दवाखाना आणि शाळा द्यायची, आणि मुलांना ‘आपल्यासारखं’ करायचं, असं धोरण. या काळातल्या मुलांना आठवतात त्या सकाळच्या आंघोळी. शाळेत आल्याबरोबर रांगेत उभं राहून नळाखाली अंग धुवायचं, शाळेचे कपडे घालायचे आणि घरी जाताना ते तिथंच काढून ठेवायचे. ही आठवण सांगणारे लोक दुधाच्या भुकटीची चव, पावाचा वास, गरम पाण्याची मजा असं सगळं चवीनं सांगतात. मग बोलता बोलता थांबतात. आपलं घरचं अंग शाळेच्या दाराबाहेर ठेवावं लागत होतं हे तेव्हा कळलं नव्हतं, सांगताना कळतं.

पापुन्याच्या शाळेपाशी मात्र थोडं थांबायलाच हवं. १९७१ मध्ये जेफ्री बार्डन नावाचे तरुण शिक्षक चित्रकला शिकवायला तिथं आले. मुलं वर्गात घोडेस्वारांची चित्रं काढत, आणि मधल्या सुट्टीत वाळूत बोटांनी वर्तुळं, वळणं, नालाच्या आकाराच्या खुणा काढत. बार्डननी मुलांना सांगितलं, ते वाळूतलंच इथं काढा. मुलं बिचकली, कारण त्या खुणा मालकीच्या असतात आणि काढायचा अधिकार वडीलधाऱ्यांचा. मग वडीलधारी माणसं शाळेत आली. कापा चाम्पिचिन्पा यांच्या पुढाकारानं त्यांनी शाळेच्या भिंतीवर मध-मुंगीची चुकुर्पा, म्हणजे तिची पवित्र कथा, रंगवली. पापुन्या वसलं आहे ती जागाच मध-मुंगीची. म्हणजे वस्ती ज्या मातीवर उभी, तिची कथा पहिल्यांदाच शाळेच्या भिंतीवर चढली. त्या भिंतीनं धीर दिला आणि १९७२ मध्ये पापुन्या टुला ही चित्रकारांची मंडळी उभी राहिली. आज जगातल्या मोठमोठ्या कलादालनांत ठिपक्यांची जी चित्रं दिसतात त्यांचं मूळ या शाळेच्या भिंतीत आहे. ती भिंत १९७४ मध्ये रंगाचा हात मारून बुजवण्यात आली. चित्र काढायला जागा देणारी शाळा आणि चित्रावर रंग फासणारी शाळा, दोन्ही तीन वर्षांच्या आत, एकाच आवारात.

दहा वर्षांनी युएंडुमूच्या शाळेत हेच उलट दिशेनं घडलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पाच वार्लपिरी वडीलधाऱ्यांनी शाळेची ३० दारं आपल्या जुकुर्पांनी (चुकुर्पाचंच हे वार्लपिरी रूप) रंगवली. मुलांना आपली जमीन रोज येताजाता डोळ्यांपुढे दिसावी म्हणून. पुढची बारा वर्षं ती दारं उघडझाप होत राहिली, उन्हानं फिकी झाली, मुलांनी त्यांवर टोकदार वस्तूंनी आपली नावं कोरली. १९९५ मध्ये ती ॲडलेडच्या दक्षिण ऑस्ट्रेलिया संग्रहालयात गेली. पवित्र चित्रांवर पोरांचे ओरखडे पाहून कुणाला वाईट वाटेल. शाळेचं दार म्हटल्यावर त्यावर मुलांचे हात लागणारच, आणि मला ते ओरखडेही त्या दारांच्या गोष्टीचाच भाग वाटतात.

मधल्या काळात भाषेचा प्रश्न ऐरणीवर आला होता. डिसेंबर १९७२ मध्ये नव्या व्हिटलॅम सरकारनं जाहीर केलं की नॉर्दर्न टेरिटरीतल्या ॲबोरिजिनल मुलांना सुरुवातीचं शिक्षण त्यांच्याच भाषेतून दिलं जाईल. १९७३ पासून काही शाळांत ते सुरूही झालं. या निर्णयानं गावातली माणसं शाळेत आली. आजीनं सांगितलेली गोष्ट लिहून घ्यायची, गावातल्याच कुणी तिला चित्रं काढायची, शाळेच्या छोट्या छापखान्यात पन्नास-शंभर प्रती काढायच्या, असा उद्योग गावोगाव उभा राहिला. त्या पिढीच्या आठवणींत रोटरी यंत्राच्या शाईचा वास येतो. आपल्या आईचं नाव पुस्तकावर छापलेलं पाहणाऱ्या मुलाला शाळा कुणाची हे सांगावं लागत नाही. या हजारो पुस्तकांपैकी पुष्कळशी पुढे खोक्यांत धूळ खात पडली. २०१२ पासून चार्ल्स डार्विन विद्यापीठानं ती शोधून, डिजिटल प्रती काढून सुमारे ५० भाषांचा एक जिवंत संग्रह उभा केला. आता नातवंडं मोबाईलवर आजीची गोष्ट उघडतात.

मुलांच्या भाषेतून शिक्षण सुरू झालं तेव्हापासून विचारांचे दोन-तीन पंथ पडत गेले आणि ते आजही आहेत. गुरिंदजी वडीलधारे पिंचर न्युर्रमियार्री यांनी ‘दोन्हीकडून चालणारी शाळा’ ही कल्पना मांडली. गोऱ्यांनी इकडचं शिकायचं आणि इकडच्यांनी गोऱ्यांचं, देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी. शिक्षणतज्ज्ञ स्टीफन हॅरिस यांनी तिचा अर्थ थोडा वेगळा लावला. त्यांचं म्हणणं असं की दोन जगं शाळेत वेगवेगळी ठेवावीत, नाहीतर मोठं जग लहानाला गिळून टाकेल. आर्नहेम लँडमधल्या यिर्कलाचे मंदावुय युनुपिंगु यांना हे पटलं नाही. ते १९८८ मध्ये विद्यापीठाची पदवी घेणारे पहिले योल्ङू आणि पुढे गावच्याच शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी ‘गन्मा’ ही योल्ङू कल्पना पुढे आणली. गोडं पाणी आणि समुद्राचं पाणी जिथं भेटतात तिथं दोन्ही आपापल्या जोरानं येतात, एकमेकांत घुसळतात आणि फेस उठतो. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको, भरतीच्या वेळी खाडीचं तोंड त्यानं पाहिलेलं असतं. तिसरा पंथ काटेकोर इंग्रजी पाठांचा. केप यॉर्कमध्ये २०१० पासून नोएल पिअर्सन यांच्या पुढाकारानं तो राबवला गेला. इंग्रजी आलीच नाही तर मूल दोन्ही जगांना मुकेल, ही त्यांची तळमळ खोटी नाही.

माझं मत लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मला दोन भाषांची शाळा बरोबर वाटते आणि तिच्या पायाखालची जमीन वारंवार काढून घेतली गेली याचं दुःख वाटतं. १९९८ मध्ये टेरिटरी सरकारनं द्विभाषिक कार्यक्रम गुंडाळायचं जाहीर केलं. लोकांच्या विरोधामुळे तो वेगळ्या नावानं कसाबसा टिकला. मग २००८ मध्ये देशभर एकच परीक्षा आली, अर्थातच इंग्रजीतून, आणि त्याच वर्षी हुकूम निघाला की शाळेचे पहिले चार तास इंग्रजीतच शिकवायचं. वाळवंटात पहिले चार तास म्हणजे सकाळचा गारवा आणि मुलांचं ताजं डोकं. आईच्या भाषेच्या वाट्याला उरली ती दुपारची झळ. पुढे हा नियम सैल झाला, पण दरम्यान किती तरी अनुभवी स्थानिक शिक्षिका घरी बसल्या त्या बसल्याच.

शाळेत मूल गप्प का बसतं, याची उत्तरं या आठवणींत ढिगानं सापडतात. कुणाच्या कानात लहानपणापासून पू होता आणि बाई काय म्हणतात ते ऐकूच येत नव्हतं. वाळवंटी वस्त्यांत हे दुखणं फार. कुणाला ‘शेम’ वाटायची. हा शब्द त्यांच्या इंग्रजीत आपल्या ‘भीड’ या शब्दाच्या अगदी जवळ जातो. चारचौघांत एकट्यानं उठून उत्तर देणं म्हणजे सोबत्यांच्या पुढे मिरवणं. कुणाला ज्याच्याशी बोलायचं नाही अशा नात्याच्या माणसाशेजारी बसवलं होतं. हे मी स्वतः केलं आहे. वार्लपिरी समाजात आठ नातेगट असतात आणि प्रत्येक माणूस जन्मतः त्यातल्या एकात असतो. बाहेरून आलेल्या शिक्षकालाही गट दिला जातो, कारण त्याशिवाय त्याला काय म्हणायचं तेच कळत नाही. आपल्याकडे नव्या माणसाला ‘तुम्ही कुणाकडचे?’ विचारल्याशिवाय गप्पा सुरू होत नाहीत, तसंच. मला नाकमर्रा ठरवलं, आणि त्याबरोबर वर्गातल्या नापुर्रुर्ला मुलींची मी आत्या झाले. पण ते व्हायच्या आधी सासू-जावयाच्या नात्यात बसणाऱ्या दोन मुलांना मी एका बाकावर बसवलं, आणि आठवडाभर दोघांच्या तोंडून शब्द का निघत नाही म्हणून काळजी करत बसले.

आणि काही गप्पपणा निव्वळ ऐकण्याचा होता. मिरियम-रोझ उंगनमेर-बाउमन या नॉर्दर्न टेरिटरीतल्या पहिल्या पूर्ण प्रशिक्षित ॲबोरिजिनल शिक्षिका, पुढे डेली नदीकाठच्या आपल्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी त्यांच्या भाषेतला ‘ददिर्री’ हा शब्द सगळ्या देशाला शिकवला. आत खोल शांत होऊन ऐकणं, असं काहीसं त्याचं मराठी होईल. ज्या मुलांना घरी पाहून आणि ऐकून शिकायची सवय, आणि आलंय असं स्वतःला वाटेपर्यंत करून दाखवायचं नाही अशी रीत, त्यांना शाळेत दर दोन मिनिटांनी प्रश्न विचारले जात होते.

या आठवणी कागदावर आल्या त्याही टप्प्याटप्प्यानं. मॉर्निंग्टन बेटावरच्या एल्सी रफ्सी यांनी वसतिगृहातलं बालपण लिहिलं, ते पुस्तक १९८४ मध्ये आलं. ग्लेनिस वॉर्ड यांची मिशनमधल्या आणि त्यानंतरच्या दिवसांची पुस्तकं १९८७ पासून ब्रूमच्या मगाबाला प्रकाशनानं काढली. ॲबोरिजिनल लोकांनी स्वतः चालवलेल्या प्रकाशनसंस्थेचा तो काळ. मग १९९७ च्या अहवालातल्या शेकडो साक्षी आल्या. २००१ मध्ये पापुन्याच्या शाळेनं आपल्या प्रदेशाचं आणि इतिहासाचं स्वतःचंच पुस्तक केलं, मुलं, शिक्षक आणि वडीलधारे मिळून. २०१८ मध्ये अनिता हाइस यांनी ॲबोरिजिनल म्हणून वाढण्याविषयीच्या अनेकांच्या लेखनाचा मोठा संग्रह संपादित केला. या सगळ्यांचा सूर एक नाही. साक्ष देणारा माणूस न्यायासाठी बोलतो, म्हणून त्याच्या सांगण्यात मधल्या सुट्टीतल्या गमती येत नाहीत. गावचं पुस्तक मुलांसाठी असतं, तिथं मार खाल्ल्याचं क्वचितच येतं. एकाच माणसानं दोन जागी दोन तऱ्हेनं सांगितलं तर त्यातलं एक खोटं ठरत नाही.

हे आत्ता मराठीत कशाला? ऑस्ट्रेलियात १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सार्वमत झालं. संसदेला सल्ला देणारा या लोकांचा आवाज राज्यघटनेत असावा का, हा प्रश्न होता, आणि सुमारे ६० टक्के मतदारांनी नाही म्हटलं. तिथले लोक म्हणतात, आम्ही पुन्हा सांगत राहू. ज्या खंडात गोरे आले तेव्हा अडीचशेहून अधिक भाषा होत्या, तिथं २०२१ च्या जनगणनेत घरी आपली भाषा बोलणारे सुमारे ७७ हजार लोक निघाले. या लोकांची मुलं ज्या शाळेत बसली आहेत तिथं त्यांच्या भाषेचं काय होतं यावर पुढचा आकडा ठरणार आहे.

आणि दुसरं कारण आपल्या घरातलं. या आठवणी वाचताना मराठी वाचक सहज स्वतःला मुलांच्या बाजूला बसवील, कारण इंग्रजीपुढे गप्प बसल्याची आठवण आपल्यातही पुष्कळांना आहे. पण नंदुरबारच्या भिलाच्या पोराला, मेळघाटच्या कोरकू मुलीला, भामरागडच्या माडिया मुलाला पहिल्या दिवशी शाळेत जी परकी भाषा भेटते ती मराठी आहे. तिथं जिथं इंग्रजी उभी आहे तिथं इथं आपण उभे आहोत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून कोसबाडला गेल्या, वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणावर घेऊन गेल्या. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेनं गोंडीतून शिकवणारी शाळा काढली. एर्नाबेला आणि यिर्कलाच्या माणसांशी ज्यांचं बोलणं जमेल अशी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांची गाठ पडावी अशी फार इच्छा आहे.

अनुवादाविषयी थोडंसं. सांगणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत, ती त्यांचीच इच्छा. उद्या कुणी गेलं तर पुस्तकातलं नाव घरच्यांना बोचेल. कथांना मालक असतात, म्हणून ज्या सांगायचा अधिकार नव्हता त्या सांगितल्या गेल्या नाहीत आणि मीही विचारल्या नाहीत. जुकुर्पा, चुकुर्पा हे शब्द तसेच ठेवले. इंग्रजीत त्याला ‘ड्रीमिंग’ म्हणतात, पण मराठीत स्वप्न म्हटलं की डोळे उघडताच संपणारं काहीतरी वाटतं. चुकुर्पा तर पायाखालच्या डोंगरात आहे, नात्यात आहे, कायद्यात आहे. नाती मात्र मराठीत सहज उतरली. तिथं आईची बहीण आईच असते आणि बापाचा भाऊ बापच. इंग्रजी अनुवादात अशा जागी तळटीप लागते, ‘माय मरो, मावशी जगो’ म्हणणाऱ्या भाषेला ती लागली नाही. पुनरुक्तीही कापलेली नाही. ‘आम्ही चालत होतो, चालत होतो, चालत होतो’ असं कुणी म्हटलं असेल तर ते तेवढं चाललेले आहेत.

पुस्तकात दोन शाळा सारख्या एकमेकींत मिसळत राहतील, घंटेची आणि वाळूतली. काही आठवणींत मधमुंग्या खणायला गेलेल्या आजीच्या पाठीमागचा दिवस शाळेचा दिवस म्हणूनच सांगितला आहे. त्या मी वेगळ्या काढल्या नाहीत.

वाळवंटातल्या मुली वाकवलेली तार घेऊन वाळूवर गोष्ट सांगतात. पिचंचारा मुली याला मिल्पाचुनान्यी म्हणतात, आणि वार्लपिरी मुलीही तार हातात घेऊन अशाच बसतात. तार आपटत ताल धरायचा, बोटांनी खुणा काढायच्या आणि एक प्रसंग संपला की तळहातानं वाळू सपाट करून पुढचा सुरू करायचा. घोड्याच्या नालासारखी खूण म्हणजे बसलेलं माणूस. मी गाव सोडायच्या आदल्या संध्याकाळी ती लाल रबरवाली मुलगी दारासमोर तार घेऊन बसली होती. अजून ती कुमंजयीच होती. तिनं आमचा वर्ग काढला. चौकोन, दार, फळा, ओळीनं सगळ्यांचे नाल. मला फळ्यापाशी शोधत होते. तिथं कुणी नव्हतं. तिनं बोट बाजूला नेलं, चौकोनाबाहेर शेकोटीभोवती बसलेल्या बायकांच्या घोळक्यात एक नाल काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मग हातानं वाळू सारखी केली आणि तार पुन्हा आपटायला लागली.